शेवटच्या खुर्चीवरचा माणूस

मायामीहून संध्याकाळी निघालेले जहाज धक्का सोडते तेव्हा कॅसिनोची टेबले रिकामी असतात. हौशी प्रवासी दारात घुटमळत असतात, पण पत्ते वाटायला अजून अवकाश असतो. किनारा मागे पडतो, देशाची हद्द संपते आणि मग डीलर आपापल्या जागी उभे राहतात. १९८२च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यावरच्या देशाला आपली म्हणता येते ती हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची. त्यापुढच्या खुल्या समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो त्याच्या झेंड्याच्या देशाचा, आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांवर झेंडा बहुधा बहामाचा, पनामाचा नाहीतर माल्टाचा असतो.

ब्लॅकजॅकचे टेबल अर्धचंद्राच्या आकाराचे असते. बाहेरच्या कडेला पाच-सात खुर्च्या, आतल्या बाजूला डीलर एकटा. बेरीज २१च्या जितकी जवळ तितकी चांगली, २१च्या पुढे गेली की डाव बुडाला. चित्रे दहाची, एक्का एकाचा किंवा अकराचा. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर पत्ते कुटलेल्या कुणालाही हा खेळ पाच मिनिटांत कळतो.

या टेबलावर रोज घडणारा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. डीलरचा उघडा पत्ता छक्की. बाकीचे सगळे आपापल्या बेरजेवर थांबलेले. शेवटच्या खुर्चीवर, डीलरच्या उजव्या हाताला, पहिल्यांदाच क्रूझवर आलेला एक गृहस्थ बसला आहे. त्याच्याकडे १२. जाणते खेळाडू अशा वेळी थांबतात, पण तो टेबलावर बोट आपटून पत्ता मागतो. दश्शी येते. बेरीज २२, डाव बुडाला. डीलर आपला झाकलेला पत्ता उलटतो. राजा. म्हणजे सोळा. नियमाप्रमाणे त्याला आणखी एक पत्ता घ्यावा लागतो. पंजी. एकवीस. अख्खे टेबल हरते.

क्षणभर शांतता पसरते आणि मग सगळ्यांच्या नजरा शेवटच्या खुर्चीकडे वळतात. ती दश्शी याने घेतली नसती तर डीलरला गेली असती, डीलरची बेरीज २६ झाली असती, आपण सगळे जिंकलो असतो! कुणी मान हलवतो, कुणी चिप्स गोळा करून उठतो, कुणी ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटतो. त्या माणसाचे कान तापतात. काय चुकले ते त्याला नीट कळलेलेही नसते.

गणित मात्र त्याच्या बाजूचे आहे. पुढचा पत्ता कोणता हे त्याला दिसत नव्हते, तसे कुणालाच दिसत नव्हते. शेवटच्या खुर्चीवरच्या अनाडीपणाने टेबल जितक्या वेळा बुडते, तितक्याच वेळा ते तरतेही. चुकीच्या खेळाने त्याने नुकसान केले ते स्वतःचे. पण टेबल तरते तेव्हा त्याचे आभार कुणी मानत नाही. तेव्हा प्रत्येकाला आपापले नशीब थोर वाटते.

जुगार पाप आहे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच्या आधीचा एक प्रश्न या टेबलावर उघडा पडलेला दिसतो. पत्ता नेमका कोण पाडतो? आणि तो वाईट पडला की माणसाला लगेच दोषी का हवा असतो?

बोटीवर दोषी शोधायची रीत फार जुनी आहे. बायबलमधला योना देवाची आज्ञा टाळून याफोहून तार्शीशच्या जहाजात बसतो. समुद्र खवळतो. हे संकट कुणामुळे आले ते पाहण्यासाठी खलाशी चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी योनाच्या नावाची निघते. त्या कथेत चिठ्ठी खरे बोलते, कारण ती देवच पाडतो असे गृहीत आहे. पण कथेतली एक बारीक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. दोषी सापडल्यावरही ते खलाशी योनाला लगेच पाण्यात ढकलत नाहीत. आधी वल्ही मारून किनारा गाठायची ते शर्थ करतात. देवानेच ज्याच्याकडे बोट दाखवले त्यालाही वाचवता आले तर पाहावे, एवढी माया त्या परधर्मी खलाशांच्या ठायी आहे.

पुढे इंग्लंडमधल्या प्युरिटन धर्मोपदेशकांनी याच मुद्द्यावरून फासे आणि पत्ते निषिद्ध ठरवले. चिठ्ठी किंवा फासा टाकणे म्हणजे देवाला निवाडा करायला बोलावणे, आणि करमणुकीसाठी देवाला बोलावणे म्हणजे त्याचा अपमान, असे त्यांचे म्हणणे. थॉमस गॅटेकर नावाच्या धर्मोपदेशकाने १६१९मध्ये चिठ्ठ्यांच्या स्वरूपावर एक ग्रंथ लिहून हा युक्तिवाद मोडून काढला. देवाची सत्ता सगळीकडे आहे तशी फाशावरही आहे, पण त्याहून विशेष अशी काही नाही. तसे नसते तर टाकलेला प्रत्येक फासा हा एक चमत्कार मानावा लागला असता. त्याच्यावर टीका झाली, त्याने पुन्हा लिहून उत्तर दिले. आज वाचताना गॅटेकरचा मुद्दा केवळ विद्वत्तेचा वाटत नाही, त्यात करुणाही दिसते. फाशात देवाचा खास निवाडा नसेल तर हरलेला माणूस देवाने टाकलेला ठरत नाही, आणि जिंकलेला देवाचा लाडकाही ठरत नाही.

टेबलावर बसलेल्या माणसाला हे पटणे कठीण जाते. सलग आठ डाव हरल्यावर तो म्हणतो, आता तरी यायला हवा! या ‘यायला हवा’मध्ये एक श्रद्धा आहे. जगात कुठेतरी हिशेब ठेवला जातो, इतके सोसल्यावर पुढचे आपले असते, पत्त्यांना आपण आठवतो, अशी ती श्रद्धा.

ब्लॅकजॅकच्या बाबतीत ही श्रद्धा अगदीच निराधार नव्हती, आणि हीच या खेळाची गंमत. रूलेटच्या चाकाला मागचे काही आठवत नाही. पत्त्यांच्या कॅटला आठवते. चार एक्के खेळून झाले की उरलेल्या कॅटमध्ये एक्का नसतो. १९५६मध्ये बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी ब्लॅकजॅक कसा खेळावा याचे शास्त्रशुद्ध कोष्टक प्रसिद्ध केले. चौघेही अमेरिकी सैन्याच्या मेरीलँडमधल्या ॲबरडीन तळावर होते आणि सगळी गणिते त्यांनी टेबलावरच्या साध्या आकडेमोड यंत्रांवर केली होती. ते वाचून एडवर्ड थॉर्प हा गणितज्ञ पुढे गेला. आयबीएम ७०४ संगणकावर त्याने तपासले, की कोणते पत्ते निघून गेल्यावर पारडे कुणाकडे झुकते. उरलेल्या पत्त्यांत दश्श्या, चित्रे आणि एक्के जास्त असतील तर खेळाडूचा फायदा, लहान पत्ते जास्त असतील तर कॅसिनोचा. १९६२मध्ये त्याचे ‘बीट द डीलर’ आले आणि पत्ते मोजणारा खेळाडू कॅसिनोसमोर उभा ठाकला.

त्यावर निघालेला एक उपाय जहाजांवर सर्रास दिसतो. डीलरच्या शेजारी एक काळी पेटी असते. डाव संपला की वापरलेले पत्ते पुन्हा तिच्यात जातात, पेटी ते अखंड पिसत राहते आणि पुढचा डाव जवळजवळ नव्या कोऱ्या कॅटमधून निघतो. पत्त्यांची आठवणच पुसून टाकणारे हे यंत्र आहे.

त्याच टेबलाच्या हिरव्या कापडावर एक ओळ छापलेली असते. ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता आला तर, किती पैसे मिळणार ते तिच्यात सांगितलेले असते. जुना दर २ ला ३. १०० डॉलर लावले तर १५० मिळायचे. जहाजांवर आता अनेक टेबलांवर ५ ला ६ असा दर असतो, म्हणजे १०० ला १२०. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. जुन्या दराने आणि बऱ्या नियमांनी, कोष्टकाप्रमाणे बिनचूक खेळणारा माणूस लावलेल्या पैशांतला सरासरी अर्धा टक्का गमावतो. नव्या दराने त्यात जवळजवळ १.४ टक्क्यांची भर पडते. तासाला ६० डाव, डावाला १० डॉलर, म्हणजे ६०० डॉलर फिरले तर ३ डॉलरच्या जागी ११ डॉलरच्या वर गेले.

हा बदल छापून, सर्वांसमक्ष, रोज प्रत्येक डावाला लागू आहे. त्यावर टेबलावरचा कुणी संतापलेला सहसा दिसत नाही. संताप राहतो तो शेवटच्या खुर्चीवरच्या माणसासाठी. माणसाचा न्यायाचा हट्ट खरा असतो, पण तो जिथे लावायला हवा तिथे न लागता शेजाऱ्यावर जाऊन आदळतो. या खेळातले सर्वात मोठे नुकसान हेच आहे, आणि ते डॉलरमध्ये मोजता येत नाही.

‘फासा पडेल तो डाव, राजा बोलेल तो न्याय’ ही म्हण मराठीत आहे. फासा आणि राजा तिने एकाच दावणीला बांधले, त्यामागे खूप जुना अनुभव आहे. वैदिक काळात फासे सभेतच पडत. राजसूय यज्ञातही द्यूताचा विधी होता. बेहड्याची फळे हेच तेव्हाचे फासे. ती चार-चारने मोजायची. काही उरले नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एक उरले तर कली, असा अर्थ अभ्यासक लावतात. आपल्या चार युगांची नावे म्हणजे याच डावांची नावे. आणि हस्तिनापूरच्या सभेत सगळे गमावल्यावर द्रौपदीने जो प्रश्न केला तो फाशांना केला नाही. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी तिला, हे तिने सभेत बसलेल्या माणसांना विचारले. फाशाने काय केले ते झाले, तुम्ही आता काय करणार, असाच तो सवाल होता. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म थांबले. त्या सभेत शकुनीच्या फाशांपेक्षा हे थांबणे जास्त घातक ठरले.

राजाचा न्याय पाण्यावर किती घरंगळतो हे विसाव्या शतकाने पुरेपूर पाहिले. १९३९मध्ये टोनी कॉर्नेरोचे ‘रेक्स’ हे जुगाराचे जहाज कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकासमोर, तीन मैलांच्या हद्दीबाहेर आहोत असे सांगत नांगर टाकून उभे होते. राज्याचे ॲटर्नी जनरल अर्ल वॉरेन यांचे पोलीस चालून गेले तेव्हा जहाजावरून त्यांच्यावर बंबाच्या पाण्याचे फवारे मारण्यात आले. अखेर मोजणी कुठून करायची यावर खटला ठरला. उपसागराच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून मोजले तर ते जहाज हद्दीतच होते.

आपल्याकडे मांडवी नदीत, पणजीच्या रस्त्यावरून हाक मारता येईल इतक्या जवळ कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. गोव्याच्या १९७६च्या जुगारबंदी कायद्यात १९९६मध्ये बदल होऊन जहाजावर टेबलावरचे खेळ खेळण्याची सवलत मिळाली, म्हणून त्या पाण्यावर आहेत. फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना तिथे प्रवेश नाही. पुण्या-कोल्हापूरहून गेलेल्या पाहुण्याला आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३मध्ये तो रद्द झाला. खाडीच्या अल्याड जे कृत्य निषिद्ध ते पल्याड करमणूक, हे सरकारला चालते, कारण कराची आणि पोलिसांची हद्द कुठेतरी आखावीच लागते. माणसाच्या मनाला अशी रेषा नसते. तेराव्या मैलावर हरलेले पैसे घरच्याच खात्यातून जातात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. हिशेब ठेवला जातो, हीच तर कर्मसिद्धान्ताची शिकवण. मग ‘आता तरी यायला हवा’ म्हणणारा खेळाडू आणि केलेले फळाला येते म्हणणारा भाविक यांत फरक तो काय?

फरक आहे, आणि टेबलावरच तो दिसतो. खेळाडूकडे १६ आहेत, डीलरचा उघडा पत्ता दश्शी. हा ब्लॅकजॅकमधला सर्वात कठीण हात. पत्ता घेतला तरी हरण्याची शक्यता जास्त, थांबले तरी जास्त. घेतला तर किंचित कमी. म्हणजे योग्य कृती कोणती ते ठरलेले आहे, ती केली तरी बहुतेक वेळा पराभवच पदरी येणार. कृती बरोबर असूनही फळ वाईट येऊ शकते आणि म्हणून फळावरून कृतीचा निवाडा करू नये, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली शिकवण इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच समोर येते. कर्माचा विचार माणसाला स्वतःच्या कृतीकडे वळवतो. जुगाराची श्रद्धा त्याला उलट दिशेने नेते. ती फळाकडे, ताबडतोबीच्या, पुढच्याच पत्त्यातल्या फळाकडे डोळे लावते, आणि ते आले नाही की शेजाऱ्याच्या कृतीकडे वळते. कोष्टक पाठ करून शांतपणे खेळणारा कर्मयोगी ठरत नाही, हेही सांगायला हवे. पैजेचा पैसा टेबलावर ठेवला त्या क्षणीच त्याने फळाशी सोयरीक केलेली असते.

थॉर्पच्या फार आधी मोजून खेळण्याची विद्या महाभारताने सांगितली आहे, ती वनपर्वातल्या नळाच्या कथेत. भाऊ पुष्कर याच्यासमोर राज्य हरून बसलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे. रथ विदर्भाकडे, दमयंतीच्या कुंडिनपुराकडे धावतो आहे. वाटेत बेहड्याचे झाड लागते आणि ऋतुपर्ण त्याच्या पानाफळांची संख्या सांगून टाकतो. दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे. नळाला ते खरे वाटत नाही. रथ थांबवून, झाड पाडून तो मोजतो आणि आकडा जुळतो. मग दोघे विद्यांची अदलाबदल करतात. ऋतुपर्ण नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म देतो, आणि त्याच क्षणी नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. संख्येचे ज्ञान झाले आणि झपाटलेपण उतरले, हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

खरा कस पुढे लागतो. नळ पुष्कराला पुन्हा खेळायला बोलावतो आणि एका डावात सगळे परत जिंकतो. आता पुष्कर त्याच्या हातात आहे. नळ त्याला सांगतो, की पूर्वी मी हरलो ते तुझ्यामुळे नव्हे, ते कलीचे कृत्य होते, आणि दुसऱ्याचा दोष मी तुझ्या माथी मारणार नाही. त्याला जीवदान देऊन, त्याचा वाटा परत करून तो त्याची पाठवणी करतो. पत्ते मोजायला शिकणाऱ्या किती जणांना विद्येचा हा दुसरा भाग साधतो?

वेरूळच्या लेण्यांत, चौदाव्या आणि एकविसाव्या क्रमांकात, शंकर-पार्वती खेळताना कोरलेले आहेत. मध्ये पट, समोरासमोर दोघे, खाली नंदीशी दंगामस्ती करणारे गण. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात ती याच खेळाच्या आठवणीने. स्कंदपुराणात शंकर सर्वस्व हरतात आणि रुसून वनात निघून जातात. मग जिंकलेली पार्वती शबरीचे रूप घेऊन त्यांना परत आणायला जाते. या खेळात कॅसिनो नावाचा तिसरा भागीदार नाही. जिंकणारी आणि हरणारा एकाच संसाराचे आहेत, म्हणून हरलेल्याच्या मागे जाणे जिंकणारीला भाग पडते.

जहाजाची कंपनीही हरलेल्याला परत बोलावते. खेळाडूचे कार्ड टेबलावर नोंदलेले असते. तो सरासरी किती लावतो, किती वेळ बसतो, यावरून त्याच्याकडून किती अपेक्षित आहे हे काढतात आणि पुरेसा खेळलेल्याला पुढच्या सफरीची फुकट किंवा स्वस्तातली खोली देऊ करतात. आकड्यांच्या दृष्टीने हे चोख आहे. पण तो माणूस घरी गेल्यावर त्याचे काय होते हे त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि त्याची चौकशी करणारे कुणीतरी असायला हवे.

१९५७मध्ये चमारबागवाला खटल्याचा निकाल देताना सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी जुगार हा व्यापार मानता येणार नाही असे ठरवले आणि त्या ओघात ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्ताचा दाखला दिला. ते सूक्त जुगाऱ्याच्याच तोंडचे आहे. बायको दूर झाली आहे, सासू तिटकारा करते, दुसऱ्यांची नांदती घरे पाहून त्याच्या पोटात कालवते, आणि फाशांचा आवाज आला की पाय पुन्हा तिकडेच ओढले जातात. परंपरा या सूक्ताचा द्रष्टा म्हणून कवष ऐलूषाचे नाव सांगते.

याच कवषाची हकिकत ऐतरेय ब्राह्मणात येते. सरस्वतीच्या काठी ऋषी यज्ञसत्राला बसले होते. हा दासीपुत्र, हा जुगारी, आपल्यात कसा बसला, असे म्हणून त्यांनी त्याला उठवले आणि ओसाड वाळवंटात नेऊन सोडले. सरस्वतीचे पाणी त्याला मिळू नये, तहानेने तो मरावा, असा त्यांचा बेत होता. तिथे तहानेने व्याकूळ होऊन बसलेल्या कवषाला जलदेवतांचे सूक्त स्फुरले. सरस्वती वळून त्याच्याकडे आली आणि तिने त्याला चहूबाजूंनी वेढले. ऋषींनी ते पाहिले. देव याला ओळखतात, याला बोलावू या, असे ते आपसांत म्हणाले, आणि ज्याला उठवले होते त्याला त्यांनी परत बोलावले. पाण्याने त्याला वेढले त्या जागेला परिसारक हे नाव पडले.